'पूल' नावाची कोंबडी

'कनेक्शन पूल' हा शब्द वसईकडच्या वटार गावात उच्चारला तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वसई खाडीवरचा रेल्वेचा पूल येईल. इंग्रजी जाणणाऱ्याला वाडीतलं बावखल आठवेल. पावसाचं पाणी धरून ठेवणारं, आसपासच्या विहिरींना पाझर देणारं. दोन्ही अर्थ चुकीचे. हा पूल दगडाचा नाही आणि पाण्याचाही नाही, तो डेटाबेसच्या कनेक्शनांचा आहे. त्याची पणजी एक फ्रेंच कोंबडी आहे.

फ्रेंचमध्ये 'पूल' म्हणजे कोंबडी. पत्त्यांच्या डावात सगळ्यांनी मध्ये ठेवलेल्या पैशालाही तोच शब्द होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत शिरला आणि पुढे सामाईक साठा असा अर्थ त्याला चिकटला. कचेऱ्यांत टायपिस्टांचा पूल असे. प्रत्येक साहेबाला वेगळा टायपिस्ट मिळत नसे. जो मोकळा असेल त्याने मजकूर टंकायचा आणि पुन्हा आपल्या खुर्चीवर जाऊन बसायचं.

रीत मात्र टेलिफोनवाल्यांनी पक्की केली. मुंबईत एक्स्चेंज सुरू झालं 1882 साली. दोन गावांमध्ये हजार ग्राहकांसाठी हजार तारा कुणी टाकत नाही. मोजक्या ट्रंक लाइन सगळ्यांत फिरवायच्या. ट्रंक कॉल लावून ताटकळलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. किती तारा पुरतील, याचं गणित कोपनहेगनच्या आग्नर एरलांगने 1909 आणि 1917 मध्ये मांडलं. त्याचा निष्कर्ष आजही चालतो: ग्राहक किती, याइतकाच प्रश्न प्रत्येक जण तार किती वेळ अडवतो, हा आहे.

डेटाबेसमध्ये मोजकीच कनेक्शनं सगळ्यांत फिरवण्याची ही अडचण का आली? बर्कलीत 1986 साली मायकेल स्टोनब्रेकर यांच्या गटाने पोस्टग्रेस हा डेटाबेस लिहायला घेतला. लवकर चालू व्हावा म्हणून त्यांनी प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र प्रोसेस दिली. सोयीची ती तडजोड पुढे त्यातूनच आलेल्या पोस्टग्रेसक्यूएलने वारशात घेतली. प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक प्रोसेस आणि तिला लागणारी मेमरी. म्हणून कनेक्शनची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये 100 असते.

मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या, पोस्टग्रेसवर चालणाऱ्या समाजमाध्यमाचा सर्व्हर चालवणाऱ्याला हा आकडा लवकर भेटतो. नोव्हेंबर 2019 मध्ये वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा भारतातून बरेच लोक मॅस्टोडॉनवर गेले. 2022 च्या अखेरीस जगभरातून त्याहून मोठी लाट आली. अशा वेळी चालक मागची कामं उरकणाऱ्या साइडकिकच्या प्रती वाढवतो. पंचवीस थ्रेडच्या चार प्रती म्हणजे, दर थ्रेडला एक धरून, 100 कनेक्शनं झाली. पानं दाखवणाऱ्या पुमाला आणखी दहा हवीत. मग पोस्टग्रेस चक्क दिलगिरी व्यक्त करतो: माफ करा, गिऱ्हाइकं आधीच फार झालीत.

यावरचा उतारा आधीच निघाला होता. पोस्टग्रेसवर उभ्या असलेल्या स्काइपच्या लोकांनी 2007 मध्ये पीजीबाउन्सर खुला केला. तो दारात बसतो. शेकडो मागण्या आत घेतो, पण डेटाबेसकडे वीसेक कनेक्शनच उघडी ठेवतो. 'ट्रान्झॅक्शन' पद्धतीत एक व्यवहार पुरा झाला की कनेक्शन लगेच दुसऱ्याच्या हाती जातं. त्याची किंमतही होती: आधीपासून तयार करून ठेवलेल्या क्वेऱ्या पुढच्या वेळी भलत्याच कनेक्शनवर शोधल्या जात, म्हणून मॅस्टोडॉनमध्ये ती सोय बंद ठेवावी लागे. 2023 मधल्या 1.21 आवृत्तीपासून पीजीबाउन्सर अशा क्वेऱ्या स्वतः लक्षात ठेवू शकतो.

टायपिस्टाच्या खुर्चीपासून ट्रंक लाइनपर्यंत नियम एकच आहे: घेतलेलं परत मध्ये ठेवायचं. तेव्हा सर्व्हर अडला, तर 100 चे 500 करण्याआधी एवढं पाहा, की कनेक्शन हातात धरून कोण नुसतंच बसलंय.