रुग्णाच्या उशाशीं



घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे आपण डॉक्टरास बोलावतों. तो येतो, नाडी पाहतो, औषध लिहून देतो आणि जातो. त्यानंतरचा सारा दिवस आणि सारी रात्र रुग्ण ज्याच्या स्वाधीन असतो, तें माणूस घरचेंच असतें. लढायांच्या आणि तहांच्या तारखा मीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविल्या. परंतु ह्या उशाशीं बसणाऱ्या माणसाचा इतिहास शिकविल्याचें मला आठवत नाहीं. आज त्यांतील दोन-चार पानें आपणांपुढें उलगडावयाचीं आहेत.

१८९६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला आणि पुढें तो घाटावर पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सरकारनें सांथीच्या रोगांचा कायदा केला. त्याच्या आधारें घरांच्या झडत्या होऊं लागल्या. रोगी इस्पितळांत आणि घरचीं माणसें निराळ्या छावणींत, अशी ताटातूट सुरू झाली. लोकांनीं रोगी लपविले. हें निव्वळ अज्ञान होतें असें म्हणणें सोपें आहे. पण आपलें माणूस परक्याच्या हातीं, पाण्याच्या घोटासाठीं तळमळत मरेल, हें भय त्यांना रोगाच्या भयाहून मोठें वाटे.

त्याच सांथींत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले व त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनीं रुग्णांसाठीं दवाखाना चालविला. रोगग्रस्त मुलास पाठीवर घेऊन तेथें आणणाऱ्या सावित्रीबाईंना स्वतःस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला.

आतां आपल्या नाशिकाकडे वळूं. येथून जवळच असलेल्या भगूर गांवीं १८९९ सालीं दामोदरपंत सावरकर प्लेगनें वारले. त्यांचा धाकटा मुलगा नारायण यासही रोगानें गांठलें. त्याला नाशकांतील प्लेगच्या इस्पितळांत ठेवलें, तेव्हां थोरले बंधु बाबाराव शुश्रूषेसाठीं त्याच्यापाशीं राहिले. त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें. मधला भाऊ विनायक आणि बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी शहरांत दातारांच्या घरीं होतीं. तेथून इस्पितळांत जेवण जाई. थोड्याच दिवसांत बाबारावांनाही प्लेग झाला. सुदैवानें दोघे भाऊ वांचले. हे बंधु पुढें निराळ्या कारणांनीं प्रसिद्ध झाले. मला येथें दिसतात तीं चार पोरकीं माणसें : एक रोगी, एक त्याच्या उशाशीं, एक डबा पोंचविणारा आणि एक चुलीपाशीं बसून निरोपाची वाट पाहणारी.

ह्या माणसांना ज्ञानाची केवढी उणीव होती पाहा. प्लेगचा जंतु १८९४ सालींच सांपडला होता. तो उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, असें सायमंड नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं दाखविलें. पण तें सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं. म्हणजे बाबाराव भावाजवळ बसले तेव्हां कशाला भ्यावें हें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. माया होती, माहिती नव्हती.

ती माहिती स्त्रियांच्या हातीं देण्याचा एक मोठा प्रयत्न पुण्याच्या सेवासदनानें केला. १९०९ सालीं सुरू झालेल्या ह्या संस्थेच्या धुरीण रमाबाई रानडे. त्यांचे पति न्यायमूर्ति रानडे आपल्याच जिल्ह्यांतील निफाडचे जन्मलेले. परक्याची शुश्रूषा करणें हें ज्या समाजांत हलकें काम समजलें जाई, त्या समाजांतील स्त्रियांना सेवासदनानें ससून इस्पितळांत परिचारिकेचें शिक्षण मिळवून दिलें. शुश्रूषा ही केवळ माया नसून विद्या आहे, हें त्यामुळें लोकांस पटूं लागलें.

आतां एक घरची गोष्ट. तीन वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीस पक्षाघात झाला. इस्पितळांतून निघतांना नाकांतील नळीनें अन्न कसें द्यावें, हें आमच्या सूनबाईस दहा मिनिटांत सांगून संपविण्यांत आलें. पहिल्या रात्रीं तिचे हात थरथरत होते. पुढें एका अनुभवी परिचारिकेनें घरीं येऊन नीट शिकविलें : अन्न देतांना डोकें उंच ठेवावें, नळी जागेवर आहे ना तें आधीं पाहावें, दर दोन तासांनीं कूस बदलावी म्हणजे पाठीस जखमा होत नाहींत. थरथर गेली, पण दोन महिन्यांत सूनबाईच अंथरुणास खिळली. तेव्हां कोठें मला सुचलें, कीं रात्रीची पाळी मीही घेऊं शकतों. इतिहास शिकविणाऱ्याला बाबारावांच्या आजाराचा अर्थ इतक्या उशिरां कळला!

पूर्वीं इस्पितळांतच होणारीं कित्येक कामें आज घरावर आलीं आहेत. इन्शुलिनची सुई घरचें माणूस टोंचतें, प्राणवायूचें यंत्र तेंच चालवितें. तेव्हां रुग्णास घरीं आणतांना डॉक्टरास दोन प्रश्न अवश्य विचारावे : हें काम आम्हांस कोण शिकवील? आणि संकट ओढवल्यास कोणास बोलवावें? तिसरा प्रश्न मात्र आपण आपल्याच घरांत विचारावयाचा आहे : उशाशीं बसलेल्या माणसाला आज झोंप कोण देणार?