खर्जाची श्रीमंती

चार वाद्यं एकत्र वाजत असली की आपलं लक्ष पेटीकडे जातं, बासरीकडे जातं, तबल्याच्या बोलांकडे जातं. या सगळ्यांच्या खाली जमिनीसारखा पसरलेला जो सूर असतो, त्याच्याकडे सहसा कोणाचं लक्ष नसतं. तो थांबला म्हणजे मात्र काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. या खालच्या सुराला आपण खर्ज म्हणतो.

आपल्या संग्रामपूर भागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. रात्री दोन वाजता मंडपात ऐकायला कोणी नसलं, तरी पहाऱ्याचा विणेकरी गळ्यात वीणा घेऊन उभाच असतो. कीर्तनकार बदलतात, टाळकरी बदलतात, आधाराचा सूर मात्र चालू राहतो. शास्त्रीय गायनाच्या बैठकीत हेच काम तंबोरा करतो. आणि आजकालच्या ऑर्केस्ट्रात, सिनेमाच्या गाण्यात, खालची बाजू सांभाळतो तो बेस गिटार.

या खालच्या सुराच्या वाद्यांचे जगभर शौकीन आहेत. जुनी वाद्यं शोधायची, एकमेकांशी ताडून पाहायची, जपायची, हा त्यांचा छंद. पण जुन्या वाद्याचं मोल नेमकं कशात असतं? लाकडात, वयात, नावात की आणखी कशात? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आधी जरा दूर जाऊ आणि मग आपल्या मिरजेला येऊ.

रेडिओ दुरुस्त करणारा माणूस

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा एक माणूस रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत असे. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण वादक आपली वाद्यं आणि ध्वनिवर्धक दुरुस्तीला आणत, त्यांच्या तक्रारी सांगत, आणि हा त्या लक्षपूर्वक ऐके. खालचा सूर देणाऱ्या वादकांची तक्रार मोठी होती. त्यांचं वाद्य, डबल बेस, माणसापेक्षा उंच. ते मोटारीत मावत नसे, बाकीच्या गोंगाटात ऐकू येत नसे, आणि पट्टीवर पडदे नसल्यामुळे सूर बोटाच्या अंदाजावर लावावा लागे. फेंडरने 1951 साली गळ्यात अडकवता येईल असा, विजेवर चालणारा, पडद्यांचा बेस गिटार बाजारात आणला. सूर अचूक लागतो म्हणून त्याचं नाव ठेवलं ‘प्रिसिजन’. 1960 साली त्याचं ‘जॅझ बेस’ हे भावंडं आलं.

1965 साली फेंडरने आपली कंपनी सीबीएस या बड्या उद्योगसमूहाला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली. तिथून शौकिनांनी एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडचा बेस जुना, मानाचा. पलीकडचा त्या मानाने दुय्यम. यात काही भाग खरा आहे, काही नुसता वलयाचा. लाकडाचंही तसंच. त्या काळच्या अनेक वाद्यांच्या पट्टीला ब्राझीलचं शिसवी लाकूड असे. 1992 साली त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली आणि जुन्या पट्टीचं मोल आणखी वाढलं. कारखान्यातल्या मालाला कंटाळलेल्या वादकांसाठी 1969 नंतर ‘अलेम्बिक’सारख्या छोट्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. तिथे मोजकीच वाद्यं, एकेका वादकाच्या हाताला जुळतील अशी घडवली जाऊ लागली.

या शौकिनांचा एक दंडक असतो. वाद्य मूळचं हवं; खुंटी बदललेली नको, रंग पुन्हा दिलेला नको. पण गंमत अशी, की या जगातला एक अतिशय प्रसिद्ध बेस नेमका हा दंडक मोडणारा आहे. जॅको पास्टोरियस या वादकाच्या 1962 सालच्या जॅझ बेसवरचे पडदेच काढून टाकलेले होते. खाचा बुजवून वर बोटींना लावतात तसला इपॉक्सीचा लेप दिलेला होता. त्या वाद्यातून असा आवाज निघाला, की बेस वाजवण्याची रीतच बदलली. 1986 साली ते चोरीला गेलं, पुढच्या वर्षी जॅको वारला, आणि जवळजवळ दोन दशकांनी ते वाद्य पुन्हा उजेडात आलं. म्हणजे मोल नुसत्या मूळपणाचं नव्हतं. वाद्यावर कोणाचा हात फिरला, त्याचंही होतं.

तलवारीची धार, तारेचा सूर

आता आपल्याकडे वळू. बेस गिटार मुंबईच्या सिनेसंगीतात आला. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी तो वाजवला, आणि तिथून तो गावोगावच्या ऑर्केस्ट्रापर्यंत पोहोचला. पण तो आला त्याच्या शंभर वर्षं आधीपासून सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत खर्जाचं वाद्य घडत होतं.

मिरजेच्या या परंपरेचं मूळ शिकलगार घराण्यात सांगितलं जातं. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लढाया संपल्या, संस्थानी फौजा आटल्या, तलवारीचं काम उरलं नाही. त्याच सुमारास पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने मिरजेत गवई येऊ लागले. त्यांची वाद्यं उत्तरेतून आलेली असत. ती बिघडली की दुरुस्त करायला जवळ कोणी नसे. फरीदसाहेब शिकलगार यांनी ती दुरुस्तीला घेतली. दुरुस्त करता करता वाद्य उमगलं, आणि पुढे त्यांनी स्वतः तंबोरे आणि सतारी घडवायला सुरुवात केली. शिकलगारांचे ‘सतारमेकर’ झाले. मिरजेतली सतारमेकर गल्ली आजही याच नावाने ओळखली जाते.

फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा आणि मिरजेचा धार लावणारा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोघांत शंभर वर्षांचं अंतर आहे. तरीही दोघांची वाट सारखी आहे. दोघेही गवई-वादक नव्हते. दोघेही आधी दुरुस्ती करणारे होते आणि वाजवणाऱ्याचं गाऱ्हाणं ऐकून वाद्य घडवणारे झाले.

मिरजेला गाण्याचं वातावरणही तसंच मिळालं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेतच शिकले. पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाण्याचं शिक्षण सामान्य घरांपर्यंत नेलं. गाणं शिकणारे वाढले तसे तंबोरे लागू लागले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. सुराच्या बाबतीत ते इतके काटेकोर, की वाद्य लावण्यात आणि दुरुस्त करण्यातही त्यांचा हात होता. 1937 साली त्यांचं निधन झालं आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आलं. तिथे दरवर्षी त्यांच्या स्मृतीत गाणं होतं.

भोपळा, लाकूड आणि जवारी

मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा खायचा नव्हे; तो कडू आणि जाड सालीचा. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या खोऱ्यातून. शेगावच्या पालखीबरोबर महिनाभर पायी चालून आपली माणसं ज्या पंढरीला जातात, तिच्याच आसपासच्या शेतातली ही वेल! भोपळा वाळवायचा, कापायचा, भिजवून त्याला आकार द्यायचा. त्यावर तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली चढवायची, लाखेचं पॉलिश करायचं. पुरुषी आवाजाचा तंबोरा सुमारे पाच फुटांचा; बायकी आवाजाचा त्याहून लहान. तंजावरकडे हाच गोल भाग फणसाच्या लाकडात कोरतात, आणि त्याचा नाद वेगळा लागतो. शौकीन माणूस तुलना करतो ती अशी.

पण खरी किमया आहे घोडीवर. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी गिटारसारखी धारदार नसते. रुंद असते आणि तिला अगदी हलका उतार असतो. कारागीर ती कानसून अशी घासतो, की तार कंप पावताना घोडीच्या पाठीला अलगद स्पर्श करत राहते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवला की नाद फुलतो. ही जवारी. 1921 साली सी. व्ही. रामन यांनी आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, तो याच घोडीच्या कोड्यावर. एखादी तार बरोबर मध्यावर छेडली तर तिच्या दुपटीचा सूर उमटू नये, असं युरोपात मांडलेला नियम सांगतो. कारण त्या सुराचा स्थिर बिंदू मध्यावरच असतो. तंबोऱ्यात मात्र तोही ऐकू येतो. जो नियम युरोपातल्या वाद्यांना लागू पडत होता, तो आपल्या कारागिराच्या कानशीने ओलांडला होता.

जवारी नीट लागली की खर्जाच्या एकट्या तारेतून, कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तंबोरा पारखायचा असेल तर आधी हे ऐकावं. नक्षी नंतर पाहावी.

काचेमागचं वाद्य

वाद्यं जमवण्याचा छंद आपल्याकडे जुना आहे. कोलकात्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी 1876 साली बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संच भेट दिला. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचा तो पाया ठरला. कॅप्टन सी. आर. डे या इंग्रज अधिकाऱ्याने 1891 साली दक्षिण भारत आणि दख्खनच्या वाद्यांवर सचित्र ग्रंथ काढला. आणि आपल्या पुण्यात दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून हजारो जुन्या वस्तू जमवल्या. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि 1975 साली ते सरकारच्या स्वाधीन केलं. त्यातलं वाद्यांचं दालन पाहिल्यावर एकेका वस्तूसाठी घेतलेल्या कष्टांची कल्पना येते.

संग्रहालयाचे उपकार मोठेच. पण तंबोरा हे नुसतं जपून ठेवायचं वाद्य नाही. जवारी काही महिन्यांच्या वाजवण्याने झिजते, तारेची खोबण पडते, आवाज बसतो. मग घोडी पुन्हा घासावी लागते. बऱ्याच वर्षांनी घोडीच बदलावी लागते. जुन्या तंबोऱ्यांना हस्तिदंत किंवा सांबरशिंगाच्या घोड्या असत. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनंतर हा माल बंद झाला. तो बंद झाला हे योग्यच. आज हाड, शिसव किंवा कृत्रिम पदार्थाची घोडी बसते. म्हणजे शंभर वर्षांचा तंबोरा चांगला वाजत असेल, तर त्याच्या आवाजातला काही भाग पहिल्या कारागिराचा आणि काही भाग परवा जवारी काढणाऱ्याचा असतो. जुन्या बेसच्या शौकिनाला ‘काही बदललं नाही’ याचा अभिमान. आपल्या वाद्याची गोष्ट उलटी. ते वेळोवेळी दुरुस्त होत राहिलं म्हणूनच ते जुनं होऊ शकलं.

म्हणून या परंपरेला खरा धोका वाद्य मोडण्याचा नाही. जवारी काढणारा हात संपण्याचा आहे. 1979 साली बंगलोरहून इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला. छोटी पेटी, बटण दाबलं की सूर. प्रवासाला सोपी, उन्हाळ्यात उतरत नाही, आणि गावातल्या शिकणाऱ्याला परवडणारी. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आता तर तो सूर मोबाइलमध्येही मिळतो. पण पेटीला जवारी काढणारा लागत नाही. मागणी कमी झाली की मुलगा वडिलांच्या शेजारी कानस घेऊन बसत नाही, आणि हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. कानशीचा एक फटका कमी की जास्त, हे कानानेच ठरतं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ‘मिरज’ हे नाव वापरण्याचा हक्क त्यामुळे सुरक्षित झाला. आनंदाची गोष्ट. पण मानांकन नावाचं रक्षण करतं; हात घडवण्याचं काम गिऱ्हाइकांनीच करायचं असतं.

आपल्या खुंटीवरची वीणा

आपल्या भागात मिरजेसारखी गल्ली नाही. पण कितीतरी गावांत मंदिराच्या भिंतीला जुनी वीणा टांगलेली असते. कुणाच्या घरी आजोबांचा तंबोरा माळ्यावर पडलेला असतो. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, भोपळ्याला चीर जाते, सांधे सुटतात. असं वाद्य पाहिलं की आपण म्हणतो, आता हे गेलं. पण ते तसं गेलेलं नसतं. भोपळ्याची चीर भरता येते, खुंटी नवी बसते, तबलीचा सांधा पुन्हा जोडता येतो. बहुतेक वेळा वाद्य मुकं झालेलं असतं ते नुसत्या झिजलेल्या जवारीमुळे.

तेव्हा असं वाद्य दिसलं तर तीन गोष्टी कराव्यात. वापरात नसेल तेव्हा तारा थोड्या सैल करून ठेवाव्यात, म्हणजे दांडी वाकत नाही. पत्र्याखाली किंवा माळ्यावर न ठेवता कापडात गुंडाळून सावलीत ठेवावं. आणि शोभेसाठी वरवर वॉर्निश फासण्याआधी ते एकदा जाणत्या कारागिराला दाखवावं. त्याला मिळणारे दुरुस्तीचे चार पैसे म्हणजे त्याच्या मुलाने हे काम शिकावं यासाठी आपण दिलेलं कारण आहे.

जुन्या वाद्याचं मोल कशात, असा प्रश्न आपण विचारला होता. लाकडात ते थोडं आहे, नावात थोडं आहे. पण सगळ्यात जास्त आहे ते त्याची निगा राखणाऱ्या हातांच्या साखळीत. सप्ताहातली वीणा एका पहारेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मध्ये खाली टेकत नाही. कारागिरीचंही तसंच आहे. ती पुढच्या हातात जाईपर्यंत खाली ठेवायची नसते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)