ऐकू यावे म्हणून : शाळेला मिळालेल्या दोन देणग्यांचा इतिहास

या स्मरणिकेसाठी शाळेचे जुने दप्तर चाळताना डेडस्टॉक रजिस्टरमध्ये एक नोंद सापडली. 'श्रवणयंत्र, नग १, देणगीदाखल.' साल १९८१. शेऱ्याच्या रकान्यात नंतर वेगळ्या शाईने लिहिलेला एकच शब्द आहे : 'नादुरुस्त'. या दोन शाईंच्या मध्ये काय घडले ते १९८७ च्या दहावीच्या आमच्या तुकडीने पाहिले आहे. या मेळाव्याच्या निमित्ताने आपण शाळेला पुन्हा काही देणार आहोत, म्हणून ते लिहून ठेवणे मला गरजेचे वाटले.

१९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते. अपंगांना उपकरणे मिळवून देणारी केंद्र सरकारची योजना त्याच वर्षी सुरू झाली. सर्वसाधारण शाळांत शिकणाऱ्या अपंग मुलांना पुस्तके, गणवेश, साधने यांसाठी मदत देणारी योजना तर १९७४ पासूनच होती. आपल्या गावात मात्र यंत्र आले ते एका सेवाभावी संस्थेकडून. प्रार्थनेच्या मैदानावर हारतुरे झाले, फोटो निघाला आणि पाचवीत नुकत्याच आलेल्या आमच्या एका मित्राच्या शर्टाच्या खिशात पत्त्यांच्या कॅटाएवढी एक डबी बसली. तिच्यातून निघालेली वायर कानापर्यंत जाई. (मित्राचे नाव त्याच्याच इच्छेवरून इथे देत नाही.)

त्या डबीचाही इतिहास आहे. पूर्वीची विजेवर चालणारी श्रवणयंत्रे व्हॉल्व्हची होती आणि त्यांच्या बॅटऱ्या जड असत. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि पाच-सहा वर्षांतच तो श्रवणयंत्रांत बसला. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः कर्णबधिरांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला कमी ऐकू येई, पत्नी तर पूर्ण बहिरी होती. त्यांची आठवण म्हणून ट्रान्झिस्टरच्या परवान्याचे मानधन श्रवणयंत्रांपुरते माफ करण्यात आले. म्हणजे आमच्या मित्राच्या खिशातल्या डबीच्या मुळाशीही एक देणगीच होती.

कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाचा इतिहास यंत्रांपेक्षा जुना आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूंनी गरीब बहिऱ्या मुलांना विनामूल्य शिकवायला सुरुवात केली, तेही हातांच्या खुणांनी. पुढे १८८० मध्ये मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली आणि मुलांना बोलायलाच शिकवावे, खुणांना वर्गात थारा नको, असा ठराव झाला. आपल्याकडे मुंबईत कर्णबधिरांची शाळा निघाली ती त्याच दशकात, कोलकात्याची शाळा १८९३ मध्ये. त्या ठरावाची छाया जगभरच्या शाळांवर शंभर वर्षे राहिली. अशाच एका परिषदेने त्याबद्दल खेद व्यक्त केला तो थेट २०१० मध्ये, व्हँकुव्हरला.

आमच्या मित्राला यातले काही ठाऊक नव्हते. त्याला खुणांची भाषा कोणी शिकवली नव्हती. तो ओठ वाचायचा. आता आरशासमोर उभे राहून 'पान', 'बाण' आणि 'मान' हे शब्द आवाज न करता म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात. शुद्धलेखनात त्याने 'पान'चे 'मान' केले की आम्ही हसायचो. एका मार्काचे काय ते, असे आम्हाला वाटे.

यंत्र मिळाले म्हणजे ऐकू आलेच असा आमचा समज होता. खरे तर ते यंत्र सगळेच मोठे करी. सरांचा आवाज मोठा होई, तसा शर्ट डबीवर घासल्याचा आवाजही मोठा होई. शहाबादी फरशीवर लोखंडी पायांचे बाक सरकले की तो दोन्ही हातांनी कान धरायचा. शिवाय मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो. वर्गातला गोंगाट मात्र तितकाच राहतो. म्हणून पहिल्या बाकावरून जे कळे ते तिसऱ्या बाकावरून कळत नसे.

हे ओळखले ते मराठीच्या बाईंनी. फळ्याकडे तोंड करून त्या कधी बोलल्या नाहीत. आधी लिहीत, मग वळून सांगत. दुसऱ्या मुलाने उत्तर दिले की ते त्याच्याकडे पाहून पुन्हा म्हणत. आणि एके दिवशी स्टँडवरच्या सायकल दुकानदाराकडून त्यांनी जुन्या, पंक्चरलेल्या ट्यूबची पिशवी भरून आणली. आम्ही मुलांनी त्या कापून बाकांच्या पायांना सुतळीने बांधल्या. वर्गातली करकर थांबली. परदेशात अनेक शाळांत खुर्च्यांच्या पायांना वापरलेले टेनिसचे चेंडू याच कारणासाठी बसवतात, हे मी कितीतरी वर्षांनी वाचले. ट्यूबच्या त्या देणगीची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही. पण सहावी आणि सातवीत तो वर्गात पहिल्या दहात होता.

आम्ही आठवीत गेलो आणि बाई निवृत्त झाल्या. वर्ग बदलला, ट्यूब जुन्या वर्गात राहिल्या. मुलाचा कान वाढतो, त्यामुळे कानात बसणारा साचाही वेळोवेळी नवा करावा लागतो. तो कोणी केला नाही, म्हणून यंत्र शिटी वाजवू लागले. पोरे चिडवतात म्हणून तो ते बंद ठेवू लागला. मग वायर तुटली. तशी वायर गावात मिळेना. देणगी देणाऱ्यांचा पत्ता कोणाकडे नव्हता आणि यंत्र शाळेच्या नावे असल्याने ते कपाटात जमा झाले. नववीत तो नापास झाला. आम्ही पुढे गेलो. तो मागे राहिला आणि वर्षभराने शाळेतून गेला. आमच्यापैकी एकानेही त्याच्या घरी जाऊन चौकशी केली नाही. मीही नाही.

मेळाव्यासाठी तुकडीची यादी केली तीही दहावीच्या निकालपत्रावरून. साहजिकच त्याचे नाव तीत नव्हते. रजिस्टरमधली ती ओळ वाचल्यावर आम्ही दोघे-तिघे त्याला शोधत गेलो. शेजारच्या गावात त्याचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. त्याने आम्हाला चहा पाजला आणि शाळेला काय द्यावे हे विचारल्यावर वहीच्या पानावर लिहून दिले.

आज शाळेत श्रवणयंत्र लावणारी दोन मुले आहेत. २०१६ च्या कायद्याने त्यांच्यासारख्यांचा शिक्षणाचा हक्क पक्का केला आहे. त्यांची यंत्रे कानामागे बसणारी, चांगली आहेत. तेव्हा नवे यंत्र देऊ नका, असे त्याने पहिल्याच ओळीत लिहिले. त्याची यादी अशी : सगळ्या बाकांना रबरी बुश. खिडक्यांना जाड पडदे, म्हणजे आवाज घुमणार नाही. शिक्षकांच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असा दिवा. यंत्रांचे सेल, पण एकदम वर्षाचे नकोत, कारण ते ठेवून ठेवून खराब होतात. पावसाळ्यात रात्री यंत्रे ठेवायला सिलिका जेल घातलेली घट्ट झाकणाची बरणी. कानाचे साचे बदलण्याचा खर्च. आणि भारतीय सांकेतिक भाषा शिकवणारे कोणी महिन्यातून दोनदा येईल अशी सोय, त्या दोन मुलांसाठी आणि त्यांच्या वर्गासाठीही.

यातले बरेचसे सामान आपल्या निधीत बसते. मुख्याध्यापकांना आम्ही एकच विनंती केली आहे : रजिस्टरमध्ये नोंद करताना वस्तूपुढे देणाऱ्याचे नाव नसले तरी चालेल, देखभाल कोण करणार त्याचे नाव असावे. वायरी आणि सेल दर महिन्याला तपासण्याचे काम आमच्या मित्राने स्वतःकडे घेतले आहे. बाकीच्या ओळींपुढची जागा अजून रिकामी आहे. ज्यांना जमेल त्यांनी मेळाव्याच्या दिवशी आपले नाव तिथे लिहावे. १९८७ च्या तुकडीच्या यादीत त्याचे नाव आम्ही घातले आहे.