टोयोटा मोटारींची विश्वासार्हता

टोयोटा मोटारींची विश्वासार्हता हा वाहनउद्योगात दीर्घकाळ चर्चिला गेलेला विषय आहे. जपानच्या टोयोटा मोटर कॉर्पोरेशनची वाहने क्वचित बिघडतात, नियमित देखभाल ठेवल्यास काही लाख किलोमीटर धावतात आणि जुनी झाल्यावरही चांगल्या किमतीला विकली जातात, असा लौकिक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर रूढ झाला. २००९ नंतर मोठ्या संख्येने परत बोलावलेली वाहने, चाचण्यांमधील गैरप्रकार आणि काही नव्या इंजिनांतील दोष यांमुळे तो आजही खरा आहे का, असा प्रश्न विचारला जातो. मालकांच्या पाहण्यांत कंपनी अजूनही अग्रस्थानाजवळच आहे. मात्र हा लौकिक तिच्या सर्व वाहनांना सारखा लागू पडत नाही. हळूहळू सुधारत नेलेल्या जुन्या यंत्ररचनांच्या बाबतीत तो भक्कम आहे. जेथे कंपनीने सर्वस्वी नवी रचना स्वीकारली, तेथे तो डळमळीत झालेला दिसतो.

संज्ञा व मोजमाप

विश्वासार्हता, टिकाऊपणा आणि सुरक्षितता या तीन गोष्टींची बोलण्यात नेहमी गल्लत होते. वाहन वारंवार बिघडत नसेल तर ते विश्वासार्ह. पुष्कळ वर्षे चालले तर टिकाऊ. आणि अपघातात आतील माणसांचा बचाव करत असेल तर सुरक्षित. एकच वाहन पहिल्या दोन कसोट्यांना उतरून तिसरीत उणे पडू शकते. तसेच वाहने परत बोलावली जाणे, म्हणजे रिकॉल, हे केवळ बिघाडाचे लक्षण मानता येत नाही. शंभर गाड्यांपैकी एकीतच उद्भवू शकेल असा दोषही धोकादायक असल्यास सर्व गाड्या परत बोलवाव्या लागतात.

अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स ही ना-नफा संस्था आपल्या सदस्यांकडून त्यांच्या गाड्यांतील बिघाडांची माहिती गोळा करते, तर जे. डी. पॉवर ही कंपनी तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांमध्ये दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजते. जे. डी. पॉवरच्या या पाहणीत टोयोटाचीच महागडी नाममुद्रा असलेली लेक्सस २०२३, २०२४ व २०२५ अशी सलग तीन वर्षे पहिली आली. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या डिसेंबर २०२४च्या क्रमवारीत मात्र सुबारू पहिली, लेक्सस दुसरी आणि टोयोटा तिसरी होती. अशा पाहण्यांत फोन गाडीच्या पडद्याशी न जुळणे आणि इंजिन बंद पडणे या दोन्ही तक्रारी नोंदल्या जातात. त्यामुळे केवळ क्रमांक पाहून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

लौकिकाची जडणघडण

या लौकिकाचे मूळ मोटारीत नसून मागात आहे. कंपनीच्या संस्थापकांचे वडील साकिची टोयोडा (१८६७–१९३०) हे यंत्रमागांचे संशोधक होते. धागा तुटताच आपोआप थांबणारा माग ही त्यांची मोठी देणगी. सदोष कापड गजावारी विणले जाण्यापेक्षा काम तेथेच थांबवून चूक दुरुस्त करणे स्वस्त पडते, हा त्यामागचा विचार होता. त्यांचे पुत्र किइचिरो टोयोडा यांनी १९३७ मध्ये मोटार कंपनी स्थापन केली आणि हाच विचार मोटारींच्या कारखान्यात आला. दोष दिसल्यास जुळणीच्या रांगेवरील कोणीही कामगार दोरी ओढून काम थांबवू शकतो. ताइची ओनो यांनी पुढे विकसित केलेल्या टोयोटा उत्पादनपद्धतीचा हा एक आधारस्तंभ होय.

आरंभीची वाहने मात्र नावाजण्याजोगी नव्हती. १९५७ मध्ये अमेरिकेत पाठवलेली टोयोपेट क्राउन ही मोटार तेथील महामार्गांच्या वेगाला टिकली नाही. तिचे इंजिन तापे, ताकद अपुरी पडे. अखेर १९६० मध्ये तिची निर्यात थांबवावी लागली. त्यानंतर कंपनीने गुणवत्ता नियंत्रणावर भर दिला. १९६५ मध्ये तिला जपानमधील प्रतिष्ठेचा डेमिंग पुरस्कार मिळाला आणि १९६६ मध्ये कोरोला बाजारात आली. ही पद्धत केवळ जपानी स्वभावातच रुजू शकते, हा समज १९८४ मध्ये खोटा ठरला. जनरल मोटर्सच्या कॅलिफोर्नियातील फ्रिमाँट येथील बंद पडलेल्या कारखान्यात दोन्ही कंपन्यांनी भागीदारीत उत्पादन सुरू केले. तेथील जुने कामगार गैरहजेरी व निकृष्ट कामासाठी कुप्रसिद्ध होते. बहुतांशी त्यांनाच परत घेऊन त्या कारखान्याने अल्पावधीत उत्तम दर्जाच्या मोटारी काढल्या.

पद्धतीइतकेच महत्त्व कंपनीच्या सावधपणाला आहे. प्रतिस्पर्धी नवे तंत्र आणत असताना टोयोटा पुष्कळदा जुनेच इंजिन आणि जुनाच गिअरबॉक्स वर्षानुवर्षे वापरत राहिली. लँड क्रूझरची ७० मालिका १९८४ पासून आजतागायत काही देशांत विकली जाते. समीक्षकांनी अशा वाहनांना कंटाळवाणी म्हटले, पण त्या कंटाळवाणेपणातच त्यांच्या टिकाऊपणाचे रहस्य होते: ज्या भागाचे दोष वीस वर्षांत समजून दुरुस्त झाले, त्यात अनपेक्षित असे फारसे उरत नाही. वाळवंटी व डोंगराळ प्रदेशांत हायलक्स हे मालवाहू वाहन याच कारणाने पसरले. १९८७ मध्ये चाड आणि लिबिया यांच्यातील संघर्षात टोयोटाच्या गाड्यांचा इतका वापर झाला की त्याला टोयोटा युद्ध असेच नाव पडले.

लौकिकाला गेलेले तडे

टोयोटात दोष नव्हतेच असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९९७ ते २००२ या काळातील काही इंजिनांत तेलाचा चिखल साचून इंजिन निकामी होण्याच्या तक्रारी आल्या आणि सुमारे ३३ लाख वाहनांसाठी दुरुस्तीची विशेष मुदत द्यावी लागली. अमेरिकेतील टॅकोमा व टुंड्रा या मालवाहू गाड्यांची सांगाडी चौकट गंजून कुजत असे. त्यावरील दाव्यात २०१६ मध्ये झालेल्या तडजोडीचे मूल्य ३४० कोटी डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. १९८९ मध्ये नव्याकोऱ्या लेक्ससच्या सुमारे ८,००० गाड्या परत बोलावल्या गेल्या, तेव्हा तंत्रज्ञांनी गाड्या मालकांच्या घरून नेल्या आणि दुरुस्त करून, धुऊन, इंधन भरून परत केल्या. दोषामुळे नाव जाण्याऐवजी वाढल्याचे हे विरळ उदाहरण आहे.

सर्वांत मोठा आघात २००९-१० मध्ये झाला. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात भरधाव सुटलेल्या एका लेक्ससच्या अपघातात चौघांचा मृत्यू झाला. पायाखालची चटई वेगाच्या पेडलमध्ये अडकणे आणि पेडल दाबलेलेच राहणे, अशा दोन कारणांसाठी लाखो वाहने परत बोलावली गेली. फेब्रुवारी २०१० मध्ये अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे माफी मागितली आणि कंपनीची वाढ प्रमाणाबाहेर वेगाने झाल्याची कबुली दिली. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा विभागाने नासाच्या साहाय्याने केलेल्या तपासणीत, फेब्रुवारी २०११ मध्ये, अनियंत्रित वेगाला कारणीभूत असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही. २०१३ मध्ये ओक्लाहोमातील एका ज्यूरीने मात्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाबाबत कंपनीविरुद्ध कौल दिला. मार्च २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याचे मान्य करून कंपनीने १२० कोटी डॉलर भरले. पेडलच्या दोषापेक्षा ही दिशाभूल अधिक गंभीर मानावी लागेल.

चाचण्यांमधील गैरप्रकार

२०२२ पासून टोयोटा समूहातील एकेका कंपनीचे गैरप्रकार बाहेर येऊ लागले. ट्रक बनवणाऱ्या हिनोने इंजिनांच्या धूरचाचणीची आकडेवारी खोटी दिल्याचे मार्च २०२२ मध्ये मान्य केले. डिसेंबर २०२३ मध्ये दाइहात्सू या संपूर्ण मालकीच्या कंपनीत ६४ मॉडेलांशी संबंधित १७४ गैरप्रकार आढळले. त्यांपैकी काही १९८९ इतके जुने होते. जानेवारी २०२४ मध्ये टोयोटा इंडस्ट्रीजच्या तीन डिझेल इंजिनांच्या शक्तिचाचणीत विक्रीच्या गाड्यांपेक्षा वेगळी संगणकप्रणाली वापरल्याचे उघड झाले. साकिची टोयोडांच्या मागांसाठी स्थापन झालेली कंपनी ती हीच.

या गैरप्रकारांमुळे रस्त्यावरील गाड्या अधिक बिघडू लागल्याचे दिसून आलेले नाही. कंपनीचे म्हणणेही तेच आहे. परंतु मापन खोटे असेल तर दोष वेळीच दिसणार नाही, आणि दोष दिसताच थांबणे हेच तर या उद्योगाचे मूळ तत्त्व. त्यामुळे हा युक्तिवाद पुरता समाधानकारक नाही.

नव्या रचनांतील दोष

अलीकडच्या दोषांत एक समान सूत्र दिसते. टुंड्रामध्ये आधी ५.७ लिटरचे आठ सिलिंडरचे साधे इंजिन होते. त्या जागी दोन टर्बो असलेले सहा सिलिंडरचे नवे इंजिन आल्यानंतर, मे २०२४ मध्ये टुंड्रा व लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १,०२,००० वाहने परत बोलवावी लागली. निर्मितीच्या वेळी इंजिनात राहिलेला धातूचा कीस बेअरिंग खराब करून इंजिन बंद पाडू शकत होता. उपाय म्हणून पूर्ण इंजिनच बदलून देण्याचे ठरले. विजेवर चालणाऱ्या बीझेड४एक्स या गाडीची चाके बोल्ट सैल होऊन निखळण्याची शक्यता जून २०२२ मध्ये समोर आली. तेव्हा विकलेल्या गाड्या जेमतेम २,७०० होत्या. ऑस्ट्रेलियात डिझेल हायलक्स, फॉर्च्युनर व प्राडो यांतील धूर गाळणारी यंत्रणा नीट स्वच्छ होत नसल्याने २,६४,००० हून अधिक वाहने एप्रिल २०२२ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने सदोष ठरवली. भरपाई किती, हा वाद त्यानंतरही वरच्या न्यायालयांत चालू राहिला.

संकरित अर्थात हायब्रिड वाहने या सूत्राला अपवाद वाटतील, पण तसे नाही. १९९७ च्या प्रियसपासून कंपनीने एकच मूळ रचना सुधारत नेली. तीत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्सही नाही. दोन विद्युत मोटारी व एक दातेरी चक्रसंच यांवर काम भागते. झिजणारे भागच कमी, त्यामुळे बिघाडही कमी. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या २०२३च्या पाहणीत सर्व कंपन्यांच्या हायब्रिड गाड्यांत पेट्रोल गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी तक्रारी आढळल्या. बाहेरून वीजभरण करावे लागणाऱ्या हायब्रिड गाड्यांत मात्र त्या कितीतरी अधिक होत्या.

भारत

भारतात टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी १९९७ मध्ये कर्नाटकातील बिडदी येथे सुरू झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर (निधन २०२२) यांचा या भागीदारीत मोठा वाटा होता. दोन्ही घराण्यांचे सहकार्य वस्त्रोद्योगाच्या यंत्रांपासूनच सुरू झाले होते. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार झाला.

येथील लौकिक प्रामुख्याने एकाच कुळातील गाड्यांनी मिळवला: २००० मध्ये आलेली क्वालिस आणि २००५ पासूनची इनोव्हा. दोन्हींची बांधणी शिडीसारख्या भक्कम चौकटीवर, इंजिन डिझेलचे. पर्यटन व्यावसायिकांनी त्या रात्रंदिवस पळवल्या. मात्र व्यावसायिक गाडीचे तेल वेळेवर बदलले जाते आणि इंजिन क्वचितच थंड पडते. अशा गाडीचा दोन-तीन लाख किलोमीटरचा आकडा घरगुती वापराच्या गाडीला जसाच्या तसा लावता येत नाही. वर उल्लेखिलेल्या डिझेल इंजिनांच्या चौकशीमुळे इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर व हायलक्स यांची पाठवणी २०२४ च्या आरंभी भारतातही काही दिवस थांबली होती.

२०१९ पासून परिस्थिती अधिक गुंतागुंतीची झाली आहे. ग्लान्झा ही मूळची मारुती सुझुकीची बलेनो, तर रुमियन ही अर्टिगा. या गाड्यांवर टोयोटाचे चिन्ह व टोयोटाची हमी असली, तरी त्यांची यंत्ररचना सुझुकीची आहे. त्या टिकल्या तर श्रेय सुझुकीचे, आणि न टिकल्यास दोषही इनोव्हाच्या माथी मारता येणार नाही. उलट मारुतीची इन्व्हिक्टो ही टोयोटाने घडवलेली इनोव्हा हायक्रॉस आहे. हायक्रॉसमध्ये जुनी चौकट नाही आणि डिझेल इंजिनही नाही, म्हणजे नावाखेरीज क्रिस्टाशी तिचे नाते थोडेच. तिचा हायब्रिड प्रकार मात्र प्रियसच्या परंपरेतला आहे. २०२२ च्या अखेरीस सादर झालेल्या या गाडीची क्वालिसइतक्या दीर्घ वापराची कसोटी अजून लागायची आहे.