खांदेमळणी

खांदेमळणी : बैलपोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळण्याचा महाराष्ट्रातील कृषिविधी. खांदमळणी, खांदशेकणी ही त्याचीच नावे. पोळा बहुतेक भागांत श्रावण अमावास्येला, तर पुणे जिल्ह्यात काही ठिकाणी भाद्रपद अमावास्येला असतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे आषाढात बेंदूर साजरा होतो आणि तेथे खांदेमळणी बेंदराच्या आदल्या दिवशी करतात.

विधी : बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे जेथे जू टेकते तो भाग म्हणजे खांदा. तो कोमट पाण्याने शेकून त्यावर हळद आणि तूप किंवा लोणी हलक्या हाताने चोळतात. ऐपत नसेल तेथे तेलावर भागवतात. मग बैलाला ओवाळून उद्या जेवायला येण्याचे आवतण देतात. घरच्या माणसाला आवतण लागत नाही; वर्षभर दावणीला असलेला बैल या शब्दाने दिवसभराचा पाहुणा होतो. दुसऱ्या दिवशी त्याला जुंपत नाहीत, आसूड उगारत नाहीत आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याला देतात.

व्यवहार : जू खडबडीत असले किंवा जोडीतले बैल उंचीला कमीजास्त असले, की खांदा घासून सुजतो. याला खांदेसूज म्हणतात. खरिपाची पेरणी आणि कोळपणी उरकलेली, रब्बीची मशागत पुढे, अशा उसंतीत श्रावणी पोळा येतो. मळताना हाताला घट्टा लागतो, सोललेली कातडी दिसते. बैल जेथे अंग चोरतो ती जागा दुखरी. बैलावरची माया येथे पूजेइतकीच तपासणीतूनही दिसते. ज्या अवयवावर धन्याचे ओझे पडले, त्याचीच सेवा धनी स्वतःच्या हाताने करतो.

सद्यःस्थिती : ही माया हिशेबापासून कधीच सुटी नव्हती. थकलेला बैल विकून नव्या जोडीला हातभार लावण्याची रीत होती. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यावर अशा बैलाला गिऱ्हाईक मिळणे अवघड झाले. ट्रॅक्टरमुळे दावणीही कमी झाल्या. बैल नसलेल्या घरांत पोळ्याला मातीची जोडी पुजतात. पोळा असा बैलाविना निभतो, खांदेमळणी निभत नाही. म्हणून गोठा रिकामा झाला की घरातून आधी तीच जाते.