‘हेवी ड्यूटी’ : एका तेलनामाचा इतिहास

तेलाच्या डब्यावर ‘हेवी ड्यूटी’ ही अक्षरे दिसली की मोटारीचा मालक त्यांचा अर्थ ‘अधिक दाट’ किंवा ‘अधिक चांगले’ असा लावतो. शब्दाचा इतिहास मात्र निराळा आहे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत डिझेल एंजिनांच्या दट्ट्यांच्या कड्या मळाने चिकटून बसू लागल्या. तेव्हा मळ सोडवून तो तेलात तरंगत ठेवणारी द्रव्ये वंगणात मिसळण्यात आली. १९४७ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ‘रेग्युलर’, ‘प्रीमियम’ व ‘हेवी ड्यूटी’ असे वर्ग केले, ते अशा द्रव्यांवरूनच. दाटपणाचा त्यांत संबंध नव्हता. १९५२ मध्ये पेट्रोल व डिझेल एंजिनांसाठी स्वतंत्र वर्गाक्षरे आली आणि कालांतराने हे नाव डिझेलशी जोडले गेले.

वर्गांबरोबर घटकांचे प्रमाणही दुरावले. मोटारींसाठीच्या २००४ च्या ‘जीएफ-४’ तेलात फॉस्फरसाची कमाल मर्यादा ०.०८ टक्के, तर २००६ च्या ‘सीजे-४’ या डिझेलवर्गात ०.१२ टक्के ठरली. फॉस्फरसयुक्त द्रव्य जुन्या एंजिनांतील सपाट टॅपेटांची झीज रोखते. परंतु तोच फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची शक्ती हळूहळू क्षीण करतो. तेव्हा जुन्या मोटारीस हितकर ठरलेले तेल नव्या मोटारीस अपायकारक होऊ शकते. निवड करताना नावाच्या भारदस्तपणास न भुलता वाहनाच्या पुस्तिकेतील वर्गाक्षरेच प्रमाण मानावीत, हे उचित होय.