क्रोममध्ये एक्स्टेन्शन इन्स्टॉल होत नाहीये? आधी हे तपासा

'ॲड टू क्रोम'वर क्लिक केलं, पण काहीच झालं नाही. मग बरेच जण यूट्यूबवर उपाय शोधतात आणि व्हिडिओखालच्या लिंकवरून झिप फाइल डाउनलोड करतात. खरी गडबड इथूनच सुरू होते. क्रोम नकार देतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा साधं कारण असतं.

तुम्ही फोनवर आहात का? अँड्रॉइड किंवा आयफोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत. अँड्रॉइडवर हवंच असेल तर फायरफॉक्स वापरता येतो.

कॉम्प्युटरवर असाल, तर गेस्ट विंडो उघडी नाही ना ते बघा. तिथेही इन्स्टॉल होत नाही. लॅपटॉप ऑफिसचा असेल आणि क्रोमच्या मेन्यूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसत असेल, तर एक्स्टेन्शन आयटी विभागाने अडवलेलं असू शकतं. त्यांनाच विचारा. हीच ओळ घरच्या कॉम्प्युटरवर दिसली तर मात्र सावध व्हा. काही वेळा ती अँटिव्हायरसमुळे येते, पण मालवेअरही हीच पळवाट वापरतं.

'नेटवर्क फेल्ड' असा एरर आला तर व्हीपीएन बंद करून पाहा, कॉम्प्युटरची तारीख-वेळ बरोबर आहे का ते तपासा, डिस्कवर जागा आहे का तेही बघा. सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे क्रोममध्ये नवं प्रोफाइल तयार करायचं. तिथे इन्स्टॉल झालं, तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे.

कधी कधी एक्स्टेन्शनच जुनं झालेलं असतं. गुगलने 'मॅनिफेस्ट व्ही२' या जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली. जाहिराती रोखणारं लोकप्रिय 'यूब्लॉक ओरिजिन' त्यातच गेलं. क्रोमवर आता त्याची 'लाइट' आवृत्ती मिळते, मूळचं फायरफॉक्सवर चालतं. विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर अडचण वेगळी. तिथे क्रोम १०९ व्या आवृत्तीवरच थांबला आहे आणि नवी एक्स्टेन्शन त्याहून पुढची आवृत्ती मागू शकतात.

मग झिप फाइलने काय बिघडतं?

विंडोजवर स्टोअरबाहेरची एक्स्टेन्शन थेट इन्स्टॉल करणं क्रोमने २०१४ मध्येच बंद केलं. 'डेव्हलपर मोड' सुरू करून 'लोड अनपॅक्ड' केलं की ही अडवणूक टळते. पण ती सोय एक्स्टेन्शन बनवणाऱ्यांसाठी आहे. असं एक्स्टेन्शन स्टोअरच्या तपासणीतून गेलेलंच नसतं आणि परवानगी मिळाली तर ते उघडलेल्या प्रत्येक पानावरचा मजकूर वाचू शकतं.

स्टोअरमध्येही सगळं आलबेल असतं असं नाही. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीच्या नावाचं एक बनावट एक्स्टेन्शन क्रोमच्या स्टोअरमध्येच सापडलं. ते फेसबुकच्या कुकीज चोरून अकाउंट ताब्यात घेत होतं. कुकी हाती लागली की चोराला बहुतेक वेळा पासवर्डही लागत नाही, ओटीपीही नाही. गुगलने ते नंतर काढून टाकलं.

अशी झिप आधीच लोड केली असेल, तर क्रोमच्या एक्स्टेन्शन पानावर जाऊन ते काढून टाका आणि डेव्हलपर मोड बंद करा. मग फेसबुक, इन्स्टाग्राम आणि जीमेलमधून सर्व डिव्हाइसवर लॉगआउट करा. पासवर्ड त्यानंतर बदला, तोही शक्यतो दुसऱ्या डिव्हाइसवरून.